लाईट उनी, मामा

जळगाव, ता. ५ जानेवारी २०२५

चि. चारुलता हिस,
पुनामामाचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे पुरी तीन वर्षं. एवढ्या उशिराची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. आमच्या सातवीपर्यंतच्या पुस्तकात फक्त आजारपणाच्या रजेचा अर्ज होता.

पत्ता कोकिळाकडून घेतला. ती माझी बहीण असली तरी आधी तुझी आई आहे, त्यामुळं दोनदा दोंडाईचाला खेप घातली तेव्हा कुठं मिळाला. पोस्टातला माणूस म्हणाला, आबा, होसूर तमिळनाडूत येतं, तिथं मराठी अक्षर कोण वाचणार? म्हणून पत्ता त्याच्याकडूनच इंग्रजीत लिहून घेतला. त्याचं अक्षर काही बरं नाही. उत्तर आलं नाही तर पत्र त्या अक्षरामुळं हरवलं असं मी धरून चालेन.

तो चौकस होता. विचारलं, तुम्ही या वयात कुठं कामाला? मी म्हटलं, एमआयडीसीत, सूर्यकन्या कंट्रोल्समध्ये. तिथं काय बनतं? मी सांगितलं, शेतातल्या मोटरीला पेटी बसवायची, पेटीत सिमकार्ड घालायचं, घरून फोन लावला की विहिरीवरची मोटर चालू. आणि पेटी उलट फोन करून बोलते. तो म्हणाला, काय बोलते? मी म्हटलं, माझी भाची बोलते.

तो हसला. पण खरंच आहे ते. तू गेलीस तरी तुझा आवाज इथंच राहिला. शेवटच्या टेस्टिंगचं टेबल अजून माझ्याकडं आहे. दिवसाला तीनशे-साडेतीनशे पेट्या येतात. प्रत्येकीला तीन फेजच्या तारा जोडायच्या, खटका वर करून लाईट सोडायची, की माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आणि तू म्हणतेस, "लाईट उनी, मामा." मग मी बटण दाबतो. "मोटर चालू व्हयनी." एक तार काढतो. "एक फेज नही शे." एवढं ऐकलं की पेटी पास. जेवणाच्या सुट्टीत सोल्डरिंगची कुंदाबाई विचारते, "नाना, तुमनी भाची आज काय म्हनस?" मी म्हणतो, जे काल म्हणाली तेच.

आता कामाचं. कंपनी नवीन मॉडेल काढते आहे. त्यात अकरा वाक्यं वाढली आहेत. योगेंद्रसाहेब म्हणतात की चारुलता बोलून देत असेल तर ठीक, नाहीतर पुण्याचा एक माणूस संगणकातून आवाज काढून देतो. मार्चपासून नवे बोर्ड येतील. जुने बंद. म्हणून विचारतो, अकरा वाक्यं बोलून पाठवशील का? फोनवर बोलून पाठवता येतं म्हणे. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून कंपनीचा नंबर खाली लिहिला आहे.

तिकडं भाकर मिळते का? भात खाऊन तुझं पोट दुखायचं. तुझी मामी भिकुबाई ज्वारीचे बिबडे करून ठेवते आणि मग मला विचारते, हे कुणाला पाठवायचे?

कळव.
तुझा मामा, पुना झुलाल

जळगाव, ता. २० जानेवारी

चि. चारू,

उत्तर नाही. पोस्टात जाऊन आलो. तो म्हणतो पत्र पोचलं असणार. मग अक्षराचा दोष नाही.

कंपनीचा नंबर दिला ते चुकलं का? तुला वाटलं असेल, मामानं तीन वर्षांनी पत्र लिहिलं तेही कंपनीच्या कामासाठी. तसं नाही. म्हणजे तसंही आहे. पण मला पत्र लिहायला काहीतरी निमित्त लागत होतं, रिकाम्या हातानं कसं यायचं?

त्या दिवसाची आठवण येते का तुला, आवाज भरला तो? पहिल्या पेट्यांत पुण्याच्या बाईंचा आवाज होता. "मोटार सुरू झाली आहे. धन्यवाद." शिंदखेड्याकडचे शेतकरी फोन ठेवून द्यायचे. त्यांना वाटायचं बँकेतून फोन आहे. एकानं तर दुकानदाराला विचारलं होतं, ही बाई रोज मला धन्यवाद का देते, माझ्याकडून काय पाहिजे तिला? तेव्हा मी साहेबांना म्हटलं, आपल्या बोलीत बोलवा, आमची चारू बोलेल. स्टोअरमध्ये पॅकिंगचा फोम भिंतींना लावून तुला मध्ये बसवलं. तू घाबरलीस. कुणाशी बोलू म्हणालीस. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्याशी बोल. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "लाईट उनी, मामा."

कागदावर मामा नव्हतं. तुझ्या तोंडून गेलं. साहेब म्हणाले, राहू द्या, खोडू नका. आणि पेट्या त्या शब्दावर खपल्या, तुला ठाऊक आहे. साऱ्या धुळे जिल्ह्यात लोक दुकानात जाऊन म्हणायचे, ती मामा म्हणणारी पेटी द्या. फक्त यावलचा दुकानदार कुरकुरला होता की हे धुळ्याचं, 'आहे'ला 'शे' म्हणणं, आमच्याकडं चालत नाही, आमचे लोक हसतात. तू त्याला फोनवर म्हणाली होतीस, "हसतात ना? मग ऐकतात. बँकेच्या बाईला कोण हसलं होतं?" सगळी लाइन हसली होती.

असो. परवा कोकिळा आली होती. देवदर्शनाला मुक्ताईनगरला चालले म्हणाली, पण ओटीचं सामानही आणलं नव्हतं. माझ्यासाठीच आली. तिनं सांगितलं की तुझं तिकडच्या कारखान्यात तपासणीच्या लाइनवर मुख्य म्हणून नाव निघालं आहे. बत्तीस पोरी तुझ्या हाताखाली. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. पण मग म्हणाली, तिथले लोक आधीच्या कंपनीचं पत्र मागतात, अनुभवाचं आणि वागणुकीचं, फेब्रुवारी संपायच्या आत. आणि सूर्यकन्याच्या फाइलला तुझ्या नावापुढं काय लिहिलं आहे ते तुलाही माहीत आहे, मलाही. 'तपासणीत हयगय, एकशे चाळीस पेट्या.'

कोकिळा चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, माझी पोर खोटं बोलाव नही. तिनं ठिपके लावले व्हते."

मी म्हटलं, अक्का, मला तेव्हा मोतीबिंदू होता.

ती धाकटी असून मी तिला अक्का म्हणालो. तोंडातून गेलं. ती बस पकडायला निघून गेली.

मोतीबिंदू होता हे तूही जाणतेस. दवाखान्याचे कागद आहेत.

मामा

जळगाव, ता. ३ फेब्रुवारी

चि. चारू,

उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होतो, पण कशाला.

मी साहेबांकडं गेलो होतो तुझ्या पत्रासाठी. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "नाना, मी खोटं कसं लिहू? एकशे चाळीस पेट्या परत आल्या. लोकांच्या मोटरी जळल्या, ऐन गव्हाच्या पाण्याला. तिनं माल पास केला. एका पेटीवर तरी लाल ठिपका दाखवा, मी आत्ता पत्र देतो." मी म्हटलं, पोर हुशार होती. ते म्हणाले, "हुशार होती म्हणूनच वाईट वाटलं."

मी बाहेर आलो. त्याच दिवशी पुण्याचा माणूस आला होता. त्यानं तुझी जुनी सगळी रेकॉर्डिंगं घेतली आणि त्यावरून संगणकाला बोलायला शिकवलं. तुझी गरज उरली नाही म्हणे. सगळ्यांना लाइनवर बोलावलं, सोल्डरिंगच्या पोरी मनगटाचे अर्थिंगचे पट्टे सोडून आल्या. त्यानं बटण दाबलं आणि तू म्हणालीस, "मोटर गरम व्हयनी, मामा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हुबेहूब. 'व्हयनी'मधली तुझी ती ओढ, शेवटी श्वास सोडायची सवय, सगळं होतं.

मी मात्र माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. ते वाक्य तू कधी म्हटलेलं नाहीस. तू मला मामा म्हणून हाक मारल्याला तीन वर्षं झाली आणि हा पोरगेलासा माणूस बोट लावून तुला म्हणायला लावतो. टेबलावर इतकी वर्षं ऐकतो ते जुनं असलं तरी तू माझ्याकडं बघून म्हटलेलं होतं. हे कुणाकडं बघून?

कुंदाबाईनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "काय झालं नाना, भाची जास्तच बोलायला लागली का?"

मी घरी येऊन जेवलो नाही. भिकुबाईला वाटलं पित्त झालं.

चारू, ठिपके मला दिसले होते. एवढं आज लिहितो. मोतीबिंदू होता, ते खोटं नाही. पण लाल रंग दिसत होता.

मामा

जळगाव, ता. ५ फेब्रुवारी

चारू माय,

परवाचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून चैन नाही. अर्धं लिहून पाकीट बंद केलं ते बरं नाही केलं. आता पूर्ण लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा राहील.

तो रब्बीचा हंगाम होता. दोंडाईचाच्या दुकानदाराचा टेम्पो फाटकात उभा होता. तू भिंग घेऊन त्या एकशे चाळीस पेट्या बाजूला काढल्या होत्यास आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल रंगाचा ठिपका दिला होतास. मला म्हणालीस, "मामा, टर्मिनलचे सोल्डरचे डाग कच्चे आहेत. राखेसारखे दिसतात बघा. चांगला डाग चमकतो." मी म्हटलं, बघतो. तू जेवायला गेलीस.

साहेबांनी फोनवरून विचारलं, टेम्पो निघाला का? आणि सहज बोलले की नाना, आता टेस्टिंगला नवं मशीन बघतोय, तुम्हालाही आराम मिळेल. त्यांच्या मनात काही नसेल. माझ्या मनात आलं की आता मला काढणार. मी मोटरी बांधणारा माणूस, चाळीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली, बोर्ड-बिर्ड शिकायला मला तूच लावलंस. घरी बसून मी काय करणार होतो?

मी एक ठिपकेवाली पेटी टेबलाला लावली. तिन्ही दिवे लागले. मोटर फिरली. मनाशी म्हटलं, पोर उगाच अडून बसते, पुस्तकी आहे. पण माझ्या टेबलावरची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. शेतातली पाचची. एवढ्याशा भाराला कच्चा डागही धरतो, पाचच्या भाराला तापतो आणि सुटतो. मग एक फेज जाते आणि मोटर जळते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. जळलेल्या मोटरी उघडण्यातच जन्म गेला माझा.

तरी मी थिनरची बाटली घेतली आणि चिंधीनं ठिपके पुसले. एकेक. एकशे चाळीस. तू जेवून आलीस तेव्हा टेम्पो फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागला होता. मी म्हटलं, साहेबांनी दुरुस्तीला बाजूला ठेवायला सांगितल्या. तू विश्वास ठेवलास.

महिन्यानं साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. तू म्हणालीस, मी ठिपके दिले होते. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला दिसले नाहीत, डोळ्याला मोतीबिंदू आहे. तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता बोलशील. तू दाराकडं वळलीस. बाहेर आल्यावर चपला घालताना एवढंच म्हणालीस, "त्या दिवशी तुमच्या बोटांना थिनरचा वास येत होता, मामा. मी म्हटलं, टेबल पुसलं असेल."

तू साहेबांसमोर ते का नाही म्हणालीस, याचा मी फार विचार केला. शेवटी एवढंच सुचलं की मामाला उघडं पाडायचं तुझ्या जिवावर आलं. आणि माझ्या जिवावर काहीच आलं नाही.

पुढं मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर थांबलात तरी चाललं असतं. मी म्हटलं नाही, आत्ताच करा. लोकांनी विचारलं तर सांगायला पट्टी पाहिजे होती.

आपल्याकडं मामा भाचीकडून पाया पडून घेत नाही, मामानं भाचीच्या पाया पडायचं. तू बारशाला एवढीशी होतीस तेव्हा कोकिळानं मला तुझ्या पायांवर डोकं ठेवायला लावलं होतं आणि तू माझ्या नाकावर लाथ मारली होतीस. सगळे हसले होते. आता ते करायला होसूरला यावं लागेल, आणि तू फाटकापर्यंत येशील की नाही हे मला माहीत नाही. म्हणून इथूनच.

उद्या साहेबांकडं जातो. तुझं उत्तर येवो न येवो.

मामा

जळगाव, ता. १६ फेब्रुवारी

चि. चारुलता हिस,

उद्या जातो असं लिहिलं आणि गेलो चार दिवसांनी. एक दिवस साहेब धुळ्याला होते. बाकीचे तीन दिवस ते इथंच होते.

केबिनमध्ये गेलो तेव्हा मी लिहूनच नेलं होतं, तोंडानं बोलताना मी फाटे फोडतो म्हणून. साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाले, "तीन वर्षांनी, नाना?" मी म्हटलं, हो. "मला तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? रागावलो असतो. दोन दिवस." मी म्हटलं, मला तेवढं कळलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तिला मी काय काय बोललो होतो, माहीत आहे ना? आता तिच्या आईला तोंड कसं दाखवू?"

मग त्यांनी मला लाइनवर नेलं आणि म्हणाले, हे यांनाही सांगा. मी सांगितलं. मला वाटलं कुणीतरी शिवी देईल. कुंदाबाई हातातली सोल्डरिंगची गन स्टँडला लावून म्हणाली, "आम्हाला तेव्हापासून माहीत होतं नाना. थिनरची बाटली तुमच्या टेबलाखाली होती. चारूला तर थिनरनं पुरळ उठायची, ती बाटलीला शिवायचीसुद्धा नाही."

मी म्हटलं, मग तुम्ही बोलल्या का नाहीत?

ती म्हणाली, "तुम्ही मामा ना तिचे? आम्ही म्हटलं, मामा बोलेल."

मला टेस्टिंगवरून काढलं आहे. महिनाअखेरपर्यंत स्टोअरमध्ये खोकी मोजायला या म्हणाले, पण मीच नको म्हटलं. साहेबांचं चुकलं नाही. त्या टेबलावर ज्याच्या सहीनं पेटी बाहेर जाते त्याच्यावर विश्वास पाहिजे. आता तिथं एक यंत्र बसवलं आहे, त्याला खरा पाच हॉर्सपॉवरचा भार जोडला आहे. हे तू चार वर्षांपूर्वी मागितलं होतंस.

सोबत दोन कागद आहेत. पहिला साहेबांच्या सहीचा, तुझ्या नावाचा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की चारुलतानं सदोष माल वेळेवर ओळखून खूण केली होती आणि ती खूण टेस्टिंग विभागात पुसली गेली. 'पुसली गेली' हे मला पटलं नाही, 'पुना झुलाल यांनी पुसली' असं लिहा म्हणालो. साहेब म्हणाले, तुम्हाला शिक्षा देणारं पत्र नाही हे, तिच्या कामाचं आहे. मग मी कागद घेतला. मूळ कागद रजिस्टरनं वेगळा पाठवला आहे, यात नक्कल आहे. एकाची वाट चुकली तर दुसरा पोचावा.

दुसरा कागद आवाजाचा. मी साहेबांना म्हटलं, तिला न विचारता तिच्या तोंडी वाक्यं घालू नका, एकदा तेच झालं आहे. त्यांनी पुण्याच्या माणसाला थांबवलं आहे. तुझी हरकत नसेल तर सही कर. असेल तर कागद फाडून टाक, ते दुसरी बाई बघतील. जुनं बोलणंही काढून टाका म्हणालीस तरी काढतील. यात माझं काही म्हणणं नाही. माझं मन काय म्हणतं ते तू विचारू नकोस, आणि मी लिहीत नाही.

भिकुबाईला सगळं सांगितलं. दोन दिवस ती ताट वाढून शेजारी निघून जायची. तिसऱ्या दिवशी बिबड्यांचा डबा पोस्टात देऊन आली. पत्ता तिनं कुठून मिळवला, विचारलं तर म्हणाली, तुमच्याआधीपासून आहे माझ्याकडं.

तुझ्या लोकांना पत्र फेब्रुवारीच्या आत लागतं असं कोकिळा म्हणाली होती. आज सोळा झाली. इथून होसूरला रजिस्टर सहा दिवसांत जातं, कधी आठ लागतात. मध्ये एक रविवार येतो. मी रोज मोजतो आणि दर वेळी हिशेब वेगळा येतो. मला दुसरं काही लिहू नकोस, मी मागत नाही. फक्त कागद वेळेवर मिळाला की कोकिळाला फोन करून 'मिळाला' एवढं म्हण. ती मला कळवेल. मी काही फोनजवळ बसून राहत नाही, पण सध्या घराबाहेरही फारसा पडत नाही. लवकर कळव.

पुना झुलाल